सात स्वर, पाच स्वर आणि सहा तारा



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवाचून दुसरे काही त्याच्या तोंडून निघायचे नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच अनाठायी असते असे नाही. परंतु आज आम्ही गिटार या वाद्यावर स्वर शिकण्याचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही गवई नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण ज्याची शाळा लवकर सुटते त्याला एक प्रश्न जन्मभर पुरतो. अमुक विद्या कोणाच्या मालकीची होती, ती त्यांच्या ताब्यात कशी गेली आणि तेथून बाहेर कशी आली? हा प्रश्न जमिनीला लावता येतो, यंत्राला लावता येतो, तसाच तो स्वरांनाही लावता येतो. तो लावून पाहिला म्हणजे एक मोठी मौजेची आणि बोधप्रद हकीकत हाती लागते.

प्रथम विषय हाताशी घेऊ. भजनी मंडळातली पेटी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावरची पांढरी एक ही पट्टी षड्ज धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता सात पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजवा. सगळे स्वर शुद्ध येतील. हा आपला बिलावल थाट. पाश्चात्य लोक यालाच मेजर स्केल म्हणतात. आता एकही पट्टी न बदलता पांढरी दोन हा षड्ज माना. गंधार आणि निषाद कोमल झाले, काफी उभा राहिला. पांढरी तीनपासून भैरवी निघते, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज आणि सहापासून आसावरी. सातव्या पट्टीवर मात्र गाडे अडते; कारण तिच्यावरून मोजू लागले की शुद्ध पंचम सापडतच नाही, आणि पंचमावाचून आपल्याकडे थाट होत नाही.

याच सात बैठकांना पाश्चात्यांनी क्रमाने आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन आणि लोक्रियन अशी नावे दिली आहेत, आणि या प्रकाराला ते 'मोड' म्हणतात. नावे ऐकून घाबरायचे कारण नाही. सभासद तेच सात असतात. खुर्चीवर कोण बसला आहे यावर सभेचा सूर ठरतो, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हीच कल्पना मूर्च्छना या नावाने आलेली आहे. षड्जग्राम आणि मध्यमग्राम या दोन ग्रामांच्या प्रत्येकी सात मूर्च्छना तेथे सांगितल्या आहेत.

आता त्याच पेटीच्या पाच काळ्या पट्ट्या पाहा. काळी तीन हा षड्ज धरला तर भूप निघतो. काळी चार धरली तर मधमाद सारंगाचे स्वर मिळतात, काळी पाच धरली तर मालकंसाचे, काळी एक धरली तर दुर्ग्याचे आणि काळी दोन धरली तर धानीचे. पाच स्वरांच्या अशा मेळाला आपण औडव म्हणतो, पाश्चात्य लोक पेंटॅटॉनिक म्हणतात. त्यांचा मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपला भूप, आणि मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे धानी. आज जगभर कोणीही गिटार शिकायला बसला की त्याच्यापुढे हे सात मोड आणि या पाच औडव बैठका यांचे नकाशे ठेवले जातात. ते नकाशे त्याच्या हातात कसे आले, ते आता पाहू.

नावांपासून सुरुवात करू, कारण नावांचा कारभार पहिल्यापासूनच गोंधळाचा आहे. डोरियन, फ्रिजियन, लिडियन ही प्राचीन ग्रीक जगातल्या लोकांची आणि प्रदेशांची नावे. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात कोणत्या स्वरमेळांना प्रवेश द्यावा याचा विचार केला आणि डोरियन व फ्रिजियन तेवढे ठेवून बाकीच्यांना वेशीबाहेर काढले. काही रडके म्हणून गेले, काही ऐषआरामी म्हणून गेले. राज्यकर्त्यांना गाण्याची भीती वाटते हे त्या काळापासून चालत आले आहे. पुढे ग्रीकांचे संगीत लुप्त झाले आणि त्याचे ग्रंथ तेवढे उरले. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत युरोपातल्या मठांतील पंडितांनी ही जुनी नावे उचलून आपल्या प्रार्थनागीतांच्या बैठकांना लावली. पण ती लावताना अदलाबदल झाली. ग्रीकांच्या डोरियनमधले स्वर आजच्या फ्रिजियनशी जुळतात, डोरियनशी नव्हे. म्हणजे ही भारदस्त नावे हजार वर्षे चुकीच्या दारावर टांगलेल्या पाट्यांसारखी आहेत. ज्या विद्यार्थ्याला नावे पाठ होत नाहीत म्हणून आपण अडाणी आहोत असे वाटते, त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

याच मठांच्या काळात, अकराव्या शतकाच्या आरंभी, इटलीत ग्विडो नावाचा एक साधू होऊन गेला. त्या वेळी मठातल्या गायकाला सारी गीते गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करावी लागत आणि त्यात दहा-दहा वर्षे जात. ग्विडोने रेघांवर स्वर लिहिण्याची रीत पक्की केली आणि 'उत, रे, मी, फा, सोल, ला' ही स्वरनामे एका परिचित स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून बसवली. या रीतीने दहा वर्षांचे काम एकदोन वर्षांत होते, असे त्याने आपल्या एका मित्राला पत्रात लिहिले आहे. याचे बक्षीस त्याला काय मिळाले? पोम्पोसा येथील मठातले सहकारी त्याच्यावर इतके जळू लागले की त्याला तो मठ सोडावा लागला. अरेझ्झोच्या बिशपने त्याला आश्रय दिला, आणि पुढे पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला बोलावून त्याची रीत स्वतः पारखली. जो विद्या सोपी करतो त्याच्यावर विद्येचे रखवालदार रागावतात, हा नियम आपल्याला या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

सोळाव्या शतकापर्यंत चर्चच्या शास्त्रात आठच मोड मान्य होते. ग्लॅरिआनस या स्विस पंडिताने 1547 साली बाझेल येथे आपला ग्रंथ छापून त्यांची संख्या बारा केली. नव्याने दाखल केलेल्यांत आयोनियन आणि एओलियन हे दोन मुख्य होते, म्हणजे आपले बिलावल आणि आसावरी. लक्षात घ्या, आज ज्याला सगळे जग मेजर स्केल म्हणून पहिल्या पाठात शिकते, त्या स्वरमेळाला शास्त्रात जागा मिळायला 1547 साल उजाडले. लोक मात्र आपल्या नाचात आणि गाण्यांत तो आधीपासूनच वापरत होते. कायद्याच्या पुस्तकात कलम घातले जाते त्याच्या कितीतरी आधी ते कारखान्याच्या दारावर लढून मिळवलेले असते. स्वरांचेही तसेच झाले.

याच शतकात गिटार पुढे सरसावले. स्पेनमध्ये त्या वेळी विहुएला नावाचे खानदानी वाद्य होते. त्याच्यासाठी लिहिलेले संगीत बारकाव्याचे आणि अभ्यासाचे असे. गिटार हे त्याचे गरीब भावंड. जोन कार्लेस अमात नावाच्या एका कॅटलान वैद्याने 1596 च्या सुमारास गिटारवर एक लहानसे पुस्तक लिहिले आणि कोणत्या तारेवर कोणते बोट ठेवले की कोणता स्वरसंघ वाजतो ते आकड्यांनी दाखवून दिले. गुरूवाचून शिकणाऱ्याच्या हाती लागलेले असे हे फार जुने पुस्तक. पुढे शतकाहून अधिक काळ ते पुन्हा पुन्हा छापले जात राहिले. लगेच रखवालदारांची कुरकुर सुरू झाली. 1611 साली कोवार्रुबियास या कोशकाराने आपल्या स्पॅनिश शब्दकोशातच विहुएला मागे पडल्याबद्दल हळहळ व्यक्त केली. गिटार म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा, आणि ते इतके सोपे की तबेल्यातला प्रत्येक पोऱ्या वादक होऊन बसला आहे, असा त्याच्या तक्रारीचा मतलब होता. या तक्रारीतला राग बाजूला ठेवला तर उरते ती मोलाची साक्ष. तबेल्यातल्या पोऱ्याच्या हाती 1611 साली गिटार होते, हे त्या विद्वानानेच आपल्याला सांगून ठेवले आहे.

गिटार सोपे का, याला एक कारण आहे. सतारीप्रमाणे त्याच्या मानेवर पडदे असतात. पण सतारीचे पडदे सरकतात, गिटारचे कायमचे बसवलेले असतात. ते कोठे बसवायचे याची एक सुटसुटीत रीत 1581 साली व्हिन्चेंझो गालिली या ल्यूटवादकाने आपल्या ग्रंथात दिली. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या गॅलिलिओचा हा बाप. उरलेल्या तारेचे अठरा भाग करा आणि एक भाग सोडून पडदा बसवा. पुन्हा उरलेल्याचे अठरा भाग करा आणि पुढचा पडदा बसवा. पासष्ट सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा सुमारे 3.6 सेंटिमीटरवर येतो, आणि असे बारा पडदे झाले की तार जवळजवळ निम्मी होऊन वरचा षड्ज मिळतो. सुताराला कळेल असे हे गणित आहे. याच ग्रंथात त्याने मठातल्या पंडितांनी ग्रीक मोडांचा घातलेला घोळही उघड केला.

सगळे पडदे अशा सारख्या हिशेबाने बसवल्यामुळे एक मोठी सोय झाली. पेटीवर षड्ज बदलला की बोटांची रचना बदलते. काळी पाचमध्ये वाजवणाऱ्याला पांढरी चारमध्ये वाजवायचे तर पुन्हा सराव करावा लागतो. गिटारवर हाताची एक आकृती बसली की तीच आकृती दोन पडदे वर सरकवा, षड्ज तितकाच वर जातो आणि बोटांना काही नवे शिकावे लागत नाही. म्हणूनच गिटारची विद्या कागदावर ठिपक्यांनी काढता येते. तिचे बळ येथे आहे आणि तिची फसगतही येथेच आहे. पण तो मुद्दा पुढे येईल.

आता आपल्याला अमेरिकेत जायचे आहे, आणि तेथे जाण्याचे निमित्तही एका कामगार तंट्याचेच आहे. जर्मनीत सॅक्सनीमधील मार्कनॉयकिर्खेन या गावी व्हायोलिन बनवणाऱ्यांची एक बंदिस्त श्रेणी होती. गिटार बनवण्याचा हक्क आमचाच, सुतारकाम करणाऱ्यांनी त्याला हात लावू नये, असा तिचा दावा होता. या भांडणाला कंटाळून ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा सुतारांच्या श्रेणीतला कारागीर 1833 साली न्यूयॉर्कला गेला. अमेरिकेतील गिटारच्या धंद्याच्या मुळाशी असलेल्यांपैकी हे एक घराणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कारखान्यांतून स्वस्त गिटारे निघू लागली, आणि शिअर्स रोबकसारख्या दुकानांच्या जाडजूड सूचिपत्रांतून ती टपालाने मागवता येऊ लागली. शहरापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या शेतमजुरालाही कापूस विकून गिटार घेता येऊ लागले.

कापसाचे नाव निघाले म्हणून एक आठवण करून द्यावी लागते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि तो पैसा मुंबईच्या कापूस बाजारात कोसळला. 1865 साली युद्ध संपताच तो बुडबुडाही फुटला. मिसिसिपी नदीच्या काठचा गुलाम आणि वऱ्हाडचा शेतकरी एकाच दराच्या दोरीने बांधलेले होते. त्या युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने गेली. पण जमीन मालकाची, बियाणे मालकाचे, दुकान मालकाचे आणि वहीही मालकाची, अशा बटाईच्या फासात निग्रो कुटुंबे अडकून राहिली. त्यांच्या पोराबाळांना संगीताची शाळा कोठून मिळणार? मठ नाही, गुरुकुल नाही, पियानो नाही. टपालाने आलेले स्वस्त गिटार आणि आफ्रिकेहून आलेल्या पूर्वजांपासून कानात चालत आलेले गाणे, एवढेच त्यांचे भांडवल.

या भांडवलातून ब्लूज हे संगीत निर्माण झाले. डब्ल्यू. सी. हॅन्डी हा शिकलेला निग्रो बॅण्डमास्तर 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटविलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. तेथे फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरीचे पाते घसरवीत गात होता. आपण ऐकलेले ते सर्वांत चमत्कारिक संगीत होते, असे हॅन्डीने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले. त्या वादकाचे नाव कोणी विचारले नाही. आमच्या चळवळीच्या इतिहासातही अशी बिननावाची माणसे फार आहेत.

ब्लूजचा सांगाडा पुष्कळदा पाच स्वरांचा असतो: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद, म्हणजे आपल्या धानीचे स्वर. पण मौज अशी की साथीला वाजणाऱ्या स्वरसंघात गंधार शुद्ध असतो. शास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे हे भांडण आहे. ब्लूज गाणाऱ्याने ते मिटवले नाही. त्याने त्या भांडणातच घर केले. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी गंधार लावतो. पडद्यांवर तो स्वर नाही, म्हणून तो बोटाने तार ताणतो किंवा सुरीने, बाटलीच्या मानेने घसरत तेथे पोहोचतो. मींड आणि श्रुती यांचे संस्कार झालेल्या आपल्या कानाला हे सहज उमजते. व्हिन्चेंझोच्या हिशेबाने पडदे पक्के बसवून झाले, आणि शाळा न पाहिलेल्या शेतमजुराने त्या पडद्यांच्या मधोमध आपली जागा काढून घेतली.

या वादकांविषयी एक दंतकथा फार प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जॉन्सन हा 1911 साली जन्मलेला मिसिसिपीचा गिटारवादक. त्याने 1936 आणि 1937 साली टेक्सासमध्ये एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938 साली तो वारला. त्याने मध्यरात्री चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकून ही कला मिळवली, असे लोक सांगतात. खरी हकीकत निराळी आहे. सन हाउस हा ज्येष्ठ वादक सांगत असे की, हा पोरगा आधी अगदी सामान्य वाजवायचा. मग काही काळ नाहीसा झाला आणि परतला तो तयार होऊनच. त्या मधल्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या वादकाजवळ शिकत होता, आणि कोणाला त्रास नको म्हणून रात्री दोघे स्मशानात बसून रियाज करीत. पाहा, सैतान लोकांच्या लक्षात राहिला आणि गुरू व रियाज विसरले गेले! गरिबाने कौशल्य मिळवले की जग त्याला चमत्कार म्हणते किंवा जन्मजात देणगी म्हणते. श्रम म्हणायला मात्र तयार होत नाही. कारण श्रम म्हटले की त्याचे मोल द्यावे लागते. मडी वॉटर्सचे उदाहरणही असेच आहे. 1941 साली त्याचे गाणे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी मुद्रित झाले, तेव्हा तो कापसाच्या मळ्यावर राबत होता; 1943 साली तो शिकागोला गेला आणि विजेचे गिटार हाती घेऊन त्याने त्या शहराचा आवाज बदलून टाकला. बी. बी. किंग हाही मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत होता.

ही झाली पाच स्वरांची कथा. सात स्वरांचे मोड मात्र या वेळेपर्यंत पुस्तकांत पडून होते. मोठ्या वाद्यवृंदांच्या संगीतात मेजर आणि मायनर या दोघांचेच राज्य होते. काही शोधक रचनाकार आणि खेड्यांतली लोकगीते यांत काय ते मोड जिवंत राहिले. अमेरिकेच्या निग्रो वादकांनी घडवलेल्या जॅझमध्ये चाळीस-पन्नासच्या दशकांत स्वरसंघ इतके भराभर बदलू लागले की वादकाला एका स्वरावर श्वास घ्यायला उसंत मिळेना. त्या वेळी जॉर्ज रसेल या वादकाने क्षयाच्या दुखण्यात रुग्णालयात पडल्या पडल्या विचार करून एक नवी मांडणी केली. तिचे पुस्तक 1953 साली निघाले, आणि तिचा पाया लिडियन, म्हणजे आपला कल्याण, हा होता. 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी मुद्रित केली. तिच्यातल्या पहिल्या रचनेत स्वरसंघांची धावपळ नाही. सोळा मात्राखंड एकच डोरियन, मग आठ खंड तोच अर्ध्या पायरीने वर, मग आठ खंड पुन्हा मूळ जागी. एकाच काफी थाटात स्थिर बसून विस्तार करायचा, हे आपल्या मैफलीला नवे नव्हे. पण त्या संगीतात तो मोठा पालट होता. मठातला मोड हजार वर्षांनी मिसिसिपीच्या पाच स्वरांना येऊन भेटला तो येथे.

गिटारवाल्यांनी हे सारे पुष्कळसे कानाने उचलले. इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी, जन्म 1923, मृत्यू 1968, हा स्वरलिपी न वाचणारा वादक होता. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या ऐकून त्याने त्याचे वादन स्वरास्वराने बसवले. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री क्लबात वादन असा त्याचा क्रम होता. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तो नखी टाकून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवू लागला, आणि तोच मऊ आवाज त्याची ओळख ठरला. पाळी करून आलेल्या माणसाची ही शेजारधर्माची जाणीव संगीताला एक नवा आवाज देऊन गेली.

यानंतर मात्र विद्येने पुन्हा शाळेत प्रवेश केला. बोस्टनचे बर्कली हे विद्यालय 1945 साली निघाले होतेच. 1977 साली हॉलीवुडमध्ये खास गिटारसाठी संस्था निघाली. सात मोडांच्या सात आकृत्या आणि पेंटॅटॉनिकच्या पाच चौकटी असा अभ्यासक्रम पक्का झाला, आणि आज तो कोणालाही घरबसल्या फुकट मिळतो. ही गोष्ट आनंदाचीच आहे. पण आमच्या वस्तीत पाळी सुटल्यावर गिटार घेऊन बसणारे तरुण आम्हाला वारंवार सांगतात, "काका, सगळे मोड वाजवता येतात, पण सगळे सारखेच ऐकू येतात. असे का?" मघाशी ज्या फसगतीचा उल्लेख केला ती हीच. बोटांनी आकृती शिकली. कानाला षड्ज कोणता ते कळलेच नाही. सात आकृत्या एकामागून एक वाजवल्या आणि मनात षड्ज पांढरी एकचाच राहिला, तर त्या सातही आकृत्या म्हणजे बिलावलच्याच येरझाऱ्या होत. अध्यक्ष न बदलता खुर्च्या तेवढ्या हलवल्या, तर सभा नवी होत नाही.

या ठिकाणी आमच्याच भाषेत झालेल्या एका थोर कामाची आठवण होते. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 1860 साली मुंबईत वाळकेश्वरला झाला. धंद्याने वकील. घराण्यांच्या पेटाऱ्यात बंद असलेल्या चिजा त्यांनी देशभर फिरून गोळा केल्या, दहा थाटांत रागांची विभागणी केली, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ संस्कृतात किंवा इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहिला. चिजांच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग त्यांनी छापून काढले. 1916 साली बडोद्यास संगीत परिषद भरवली आणि 1926 साली लखनौला विद्यालय उभे केले. पलुस्करबुवांनी त्याआधी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सामान्य घरच्या मुलांना दार उघडले होतेच. भातखंड्यांवरही टीका झाली. थाटात राग मावत नाही, पुस्तकातून गाणे येत नाही, असे जाणकार म्हणाले. यातला अर्धा भाग खरा आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, तरी राग दोन. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. पण यादी गुप्त ठेवली असती तर राग अधिक लोकांना आला असता काय? मुळीच नाही. पत्ता म्हणजे घर नव्हे हे खरे. पण ज्याला पत्ताच दिला नाही त्याने घर शोधावे कसे?

पत्त्याचा आणि घराचा हा मेळ कसा बसतो, याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवली जाई. तेथे तयार झालेले गोवेकर वादक मुंबईला आले, हॉटेलांच्या जॅझबॅण्डांत वाजवू लागले, आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. ग्विडोच्या मठातली लिपी आणि आपले राग यांची गाठ तेथे रोज पडत होती. ब्रिजभूषण काबरा यांनी तर गिटार मांडीवर आडवे घेऊन त्यावर राग वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 1967 सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी सर्वांना माहीत आहे.

तेव्हा तरुणांना आमचे सांगणे असे आहे. आधी पाच स्वर घ्या, सात नंतर. पाच स्वरांत एकमेकांशी खटकणारी अर्ध्या पायरीची जोडी नसते, त्यामुळे नवख्या कानाला आधार मिळतो. धानीच्या पाच स्वरांवर एका सबंध समाजाने आपले सुखदुःख सांगितले, तेव्हा ते तुम्हाला पुरणार नाहीत ही भीती नको. दुसरे, खालची जाड तार सुटी वाजत ठेवा. ती तुमची तंबोऱ्याची तार. तो षड्ज कायम ठेवून तिच्यावर एक दिवस बिलावल वाजवा, दुसऱ्या दिवशी निषाद कोमल करून खमाज, मग गंधारही कोमल करून काफी, मग धैवत उतरवून आसावरी, मग ऋषभ उतरवून भैरवी. एकेक स्वर खाली येताना प्रकाश कसा मावळत जातो, ते कानाने पाहा. आणि बिलावलचा मध्यम तीव्र केला की कल्याणाने दिवा कसा लागतो, तेही पाहा. तिसरे, जे बोटाने वाजवाल ते तोंडाने गा. जो स्वर गाता येत नाही तो अजून आपला झालेला नाही, असे खुशाल समजा. आणि चौथे, एकटे बसू नका. जॉन्सनला झिमरमन होता. दोघांनी बसावे, एकाने षड्ज धरावा, दुसऱ्याने फिरावे.

बंधुभगिनींनो, या सगळ्या इतिहासातून आम्ही एवढेच काढतो. विद्या सोपी करणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे. ग्विडो, अमात, भातखंडे यांनी आपापल्या काळच्या रखवालदारांचा रोष पत्करून तिला कुलुपाबाहेर आणले. पण नुसते कुलूप उघडल्याने कोठार आपले होत नाही. आत जाऊन धान्य उचलावे लागते, दळावे लागते, भाकरी भाजावी लागते. हे काम मिसिसिपीच्या शेतमजुराने केले, इंडियानापोलिसच्या कामगाराने केले, आणि तेही दिवसभराच्या राबणुकीनंतर. म्हणून आम्ही आठ तासांच्या कामाची मागणी करतो तेव्हा उरलेल्या तासांत कामगाराने काय करावे असे जे कोणी विचारतात, त्यांना आमचे हे एक उत्तर आहे: त्याने झोपावे, मुलाबाळांत बसावे, आणि मनात आले तर सहा तारा जुळवून आपला षड्ज लावावा. तो षड्ज कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.